शोधयंत्रावरील पृच्छेची पूर्वतपासणी : सातारा व सांगली येथील नामांच्या आधारे

संगणकाच्या शोधयंत्रापुढे संशोधक जे शब्द मांडतो त्यांस प्रस्तुत लेखात पृच्छा म्हटले आहे. पृच्छा सदोष असेल तर यंत्राने तसे सांगावे, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी बहुतेक प्रसंगी ती पुरी होत नाही. यंत्र सदोष पृच्छेसही शांतपणे उत्तर देते, आणि ते उत्तर पुष्कळदा ‘काही सापडले नाही’ एवढेच असते. या उत्तराचे अर्थ मात्र दोन होतात. शोधलेली गोष्ट संग्रहात नाही, हा एक. ती संग्रहात आहे परंतु विचारलेल्या रूपात नाही, हा दुसरा. प्रबंधलेखनात सामान्यतः पहिला अर्थ गृहीत धरला जातो. ‘अमुक शब्द अमुक सालापूर्वी आढळत नाही’ हे विधान भाषेच्या इतिहासात वजनदार समजले जाते, आणि आता अशी विधाने ग्रंथ पानोपानी चाळून होत नसून पृच्छेच्या आधारे होऊ लागली आहेत. तेव्हा पृच्छा चालवण्यापूर्वी ती तपासून घेणे हा संशोधनपद्धतीचाच भाग ठरतो. सातारा आणि सांगली ही दोन नावे या दृष्टीने फार उद्बोधक आहेत, कारण पृच्छेत संभवणारे बहुतेक सर्व दोष या दोन जिल्ह्यांच्या नामावलीत एकत्र पाहावयास मिळतात.

प्रथम यंत्राच्या कार्यपद्धतीचा विचार केला पाहिजे. शोधयंत्र पृच्छा आल्यावर ग्रंथ उघडून वाचीत नाही. त्याने आधीच संग्रहातील शब्दांची एक सूची तयार केलेली असते व प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या लेखांत येतो याची नोंद ठेवलेली असते. ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीचेच हे विस्तृत रूप होय. भेद एवढाच की, ग्रंथाची सूची करणारा जाणता मनुष्य ‘साताऱ्यास’, ‘सातारची गादी’ आणि ‘सातारा शहर’ या तिन्ही स्थळांचे पृष्ठांक ‘सातारा’ या एकाच शब्दाखाली आणतो. यंत्राला असा विवेक शिकवलेला नसेल तर त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द राहतात. त्याला शब्द दिसत नाहीत. अक्षरचिन्हांच्या क्रमांकांची एक माळ दिसते, आणि दोन माळा मण्यागणिक जुळल्या तरच तो त्यांस एक मानतो.

आता ‘सातारा’ या नामाचे व्याकरण पाहावे. ते आकारान्त पुल्लिंगी असल्याने ‘घोडा’ या शब्दाचे सामान्यरूप जसे ‘घोड्या’ असे होते, तसे त्याचे ‘साताऱ्या’ असे होते, व विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये या सामान्यरूपाला लागतात. शिवाय ‘सातारचा’, ‘सातारहून’ अशी दुसरीही रूपपरंपरा भाषेत रूढ आहे, आणि ‘सातारकर’ हे साधित नाम निराळेच. म्हणजे ‘सातारा’ एवढीच पृच्छा दिली तर ‘साताऱ्यात सभा भरली’ हे वाक्य तिच्या कक्षेत येत नाही. विटा, शिराळा, वाळवा, मेढा या नावांची गत तीच. उलट ‘सांगली’ या ईकारान्त नामाचे सामान्यरूप मूळ रूपासारखेच राहते. ‘सांगलीत’, ‘सांगलीचा’, ‘सांगलीकर’ या सर्वांच्या आरंभी मूळ शब्द अखंड असतो. त्यामुळे शब्दापुढे तारका टाकून, म्हणजे ‘या आरंभाचे सर्व शब्द’ अशी मागणी करून, सांगली सहज साधते. सातारा तसा साधत नाही.

याचे कारण लिपीत दडलेले आहे. ‘साताऱ्या’ या रूपातील रकाराचे आडवे अर्धे चिन्ह मराठीचे खास वैशिष्ट्य असून त्याला अर्थभेदक मूल्य आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांस’ म्हणजे गुरूंस व ‘आचाऱ्यांस’ म्हणजे स्वयंपाक करणारांस. पहिल्या प्रकारात रकार मागील अक्षरास मिळून त्यावर आघात आणतो, दुसऱ्यात तो पुढील ‘या’शी एकजीव होतो व मागील अक्षर आघातावाचून राहते. हा भेद लिहिण्यासाठी युनिकोड या संकेतप्रणालीत दोन मार्ग मान्य आहेत. एका मार्गाने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला जातो व पुढे ‘य’ येतो. दुसऱ्या मार्गाने साधा ‘र’ घेऊन, त्याचा पाय मोडून, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवले जाते व मग ‘य’ येतो. ‘साताऱ्या’ आणि ‘सातार्‍या’ ही या दोन मार्गांनी लिहिलेली रूपे होत. कागदावर वा पडद्यावर त्यांत भेद दिसत नाही, पण क्रमांकांच्या माळा भिन्न असतात. युनिकोडचे जे प्रमाणीकरण सर्वत्र वापरले जाते ते ‘ऱ’ हे अक्षर आणि ‘र’खाली नुक्ता दिलेले रूप यांस एक करते, अदृश्य जोडचिन्हाच्या रूपास मात्र ते हात लावीत नाही.

परिणाम असा की, ‘सातार’ या अक्षरांपुढे तारका टाकली तर सातारा, सातारचा, सातारकर आणि जोडचिन्हाने लिहिलेले ‘सातार्‍यात’ ही रूपे मिळतात, परंतु ‘ऱ’ घेऊन लिहिलेले ‘साताऱ्यात’ मिळत नाही, कारण त्याचे तिसरे अक्षर यंत्राच्या लेखी ‘र’ नव्हेच. आणि तारका ‘साता’ या अक्षरांपुढे टाकली तर ‘सातासमुद्रापलीकडे’ देखील साताऱ्याच्या इतिहासात येऊन बसते. यावर उपाय आहे. दोन्ही संकेतांची रूपे पृच्छेत स्वतंत्रपणे मांडावी लागतात. परंतु त्यासाठी आपल्या कळफलकावरून यांपैकी कोणते रूप उमटते हे आधी माहीत असले पाहिजे. ‘कऱ्हाड’ या नावाची अवस्था याहून अवघड. तेथे दोन संकेतांखेरीज ‘कराड’ हे तिसरे व आज अधिक प्रचलित रूप आहेच.

छापील ग्रंथांच्या छायाप्रतींवरून यंत्राने वाचून घेतलेल्या मजकुरात आणखी एक विकृती आढळते. हिंदीवर पोसलेल्या वाचनयंत्रास ‘ऱ्या’ हे चिन्ह परिचित नसल्याने ते त्यास ‘न्या’ समजते, आणि साताऱ्याचे ‘सातान्या’ होते. अशा संग्रहात शोध घेताना ‘सातान्यात’ हे अशुद्ध रूप संशोधकाने जाणूनबुजून पृच्छेत घातले पाहिजे. शुद्धलेखनाची सवय झालेल्या हातास ते जड जाते, पण शोधाचे शुद्धलेखन निराळे असते.

डोळ्याचे आणि यंत्राचे हे वैमत्य उलट दिशेनेही चालते. मराठी वळणाचा ‘ल’ किंवा ‘श’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ किंवा ‘श’ यांत वाचकास लगेच भेद जाणवतो. यंत्रास तो नाही, कारण तो केवळ टंकाच्या आकाराचा भेद आहे. मात्र ‘ॲ’ आणि ‘अॅ’ हे दोन लेखनप्रकार वाचकास सारखे वाटले तरी यंत्रास भिन्न आहेत. पैकी पहिल्याचा स्वतंत्र क्रमांक युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यापूर्वीचा मजकूर अर्थातच दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला आहे.

लेखननियमांचा प्रश्न याहून परिचित, तथापि त्याकडेही पृच्छा करताना दुर्लक्ष होते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली मान्य झाले व १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, अन्त्य इकार-उकार दीर्घ झाले, आणि गावांच्या नावांतील ‘पूर’ दीर्घ ठरला. तेव्हा जुन्या मजकुरात ‘तासगांव’, ‘कवि’, ‘पद्धति’, ‘केलें’ ही रूपे शोधावी लागतात. एखाद्या अभ्यासकाने ‘घरात’ हे रूप दशकवार मोजले तर १९६२ नंतर त्याचा वापर एकाएकी वाढल्याचे दिसेल व त्यावरून सप्तमीच्या वापराविषयी काही सिद्धान्त बांधण्याचा मोह होईल. वस्तुतः तेथे बदलले ते केवळ एक टिंब. इतकेच नव्हे, तर जुन्या लेखनात एकवचनही ‘घरांत’ असेच लिहीत असल्याने आजच्या नियमाने अनेकवचनी दिसणारे ते रूप तेथे संदिग्ध ठरते, आणि ही संदिग्धता कोणतीही पृच्छा सोडवू शकत नाही. वाक्य वाचावेच लागते. ‘पूर’संबंधीच्या नियमातही एक मेख आहे. ‘खानापूर’ दीर्घ, पण ‘खानापुरात’ ऱ्हस्व. त्यामुळे येथेही मूळ नामापुढे तारका टाकून भागत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडचिन्हे यांचा हा उपद्रव यंत्रानेच दूर करावा, अशी सूचना सुचणे साहजिक आहे. डग कटिंग यांनी १९९९ साली सिद्ध केलेल्या ल्युसीन या शोधप्रणालीत हिंदीसाठी तशी सोय आहे. तीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पुसला जातो, नुक्ता व पाय मोडल्याची खूण गाळली जाते आणि अदृश्य जोडचिन्हही टाकून दिले जाते. ही चाळणी मराठी मजकुरास लावली तर साताऱ्याची दोन्ही रूपे एक होतात, पण त्याचबरोबर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतात, ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात. सामान्य वाचकास हा सौदा परवडेल. ज्याचा विषयच मराठीची वर्णव्यवस्था आहे त्यास तो मुळीच परवडणार नाही, आणि आपण वापरत असलेल्या संग्रहावर अशी चाळणी लावली आहे किंवा कसे, हे पृच्छेपूर्वी विचारून घेणे त्याचे काम आहे.

विरामचिन्हांचे दोष दिसावयास क्षुल्लक, पण फळाने भयंकर आहेत. ‘सातारा-सांगली’ असे संयोगचिन्ह घालून लिहिण्याऐवजी सातारा या शब्दानंतर मोकळी जागा सोडली व चिन्ह सांगलीस चिकटवले, तर बहुतेक शोधयंत्रे ते वजाचिन्ह समजतात. ज्यास दोन्ही जिल्हे हवे होते त्यास सांगलीचा उल्लेख असलेला प्रत्येक लेख वगळून उरलेले साताऱ्याचे लेख मिळतात, आणि यादी लांबलचक असल्यामुळे शंकाही येत नाही. शब्दसमूह जसाच्या तसा शोधण्यासाठी अवतरणचिन्हे घालतात. ती लेखनप्रणालीने वळवलेली असली तर ल्युसीनसारख्या यंत्रणेस ती अवतरणचिन्हे म्हणून ओळखता येत नाहीत.

विसर्गाची कथा तर खास मराठीची आहे. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्ग हे अक्षरचिन्ह हवे. प्रत्यक्षात टंकलेखन करणारे अनेकजण त्याजागी अपूर्णविराम उमटवतात, कारण दोन्ही दोन टिंबांचीच चिन्हे. ल्युसीनच्या पृच्छाभाषेत अपूर्णविरामास ठराविक अर्थ आहे. त्याच्या डावीकडे रकान्याचे नाव व उजवीकडे त्या रकान्यात शोधावयाचा शब्द, असे ते वाचले जाते. त्यामुळे ‘दु:ख’ ही पृच्छा म्हणजे ‘दु’ नावाच्या रकान्यात ‘ख’ शोधा, अशी आज्ञा होते. तसा रकाना कोठेच नसल्याने उत्तर शून्य येते. लेखाचे शीर्षक उतरवून ‘सांगली: नाट्यपरंपरा’ असे विचारले तरी हेच घडते, विष्णुदास भावे यांच्या १८४३ सालच्या सीतास्वयंवराच्या नाट्यप्रयोगाचे गाव त्या उत्तरात सापडत नाही.

यंत्राकडून पृच्छा तपासून घेण्याची सोय येथे उपयोगी पडेल काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ल्युसीनवर उभारलेल्या इलॅस्टिकसर्च या प्रणालीत पृच्छा न चालवता केवळ तिची वैधता विचारता येते. उघडा राहिलेला कंस, एकच अवतरणचिन्ह, उजवी बाजू रिकामी असलेला अपूर्णविराम, हे दोष ती दाखवते. पण ‘दु:ख’ तिच्या दृष्टीने पूर्णपणे वैध आहे. व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य निरर्थक असू शकते त्यातलाच हा प्रकार. सुदैवाने त्याच सोयीत पृच्छेचा यंत्राने लावलेला अर्थ उलगडून मागता येतो. तो मागितला असता, अशा नावाचा रकानाच नाही म्हणून एकही लेख जुळणार नाही, हे शोधापूर्वीच कळते. वैध-अवैध एवढ्या निर्णयापेक्षा हा उलगडा कितीतरी मोलाचा आहे. ज्या ग्रंथालयीन सूचीत तो पाहावयास मिळत नाही तेथे संशोधकाने स्वतःच कागदावर तो करावा : कोणता शब्द आवश्यक, कोणता पर्यायी, कोणता वर्ज्य, आणि कोणते चिन्ह यंत्र आज्ञा म्हणून वाचील.

याही पलीकडे एक दोष आहे, आणि तो कोणतीही यंत्रणा पकडू शकत नाही. पृच्छा लेखनाने शुद्ध, चिन्हांनी निर्दोष, पण काळाने चुकलेली असू शकते. १९४८ पूर्वी ‘सांगली’ हे पटवर्धनांच्या एका संस्थानाचे नाव होते. त्या संस्थानाचा मुलूख विखुरलेला असून मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी हे प्रदेश त्यात होते. उलट आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव व वाळवा तेव्हा ब्रिटिश अंमलाखालील सातारा जिल्ह्यात मोडत होते, आणि मिरज व जत ही तर वेगळीच संस्थाने होती. विलीनीकरणानंतर १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, व १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणजे १९५५ सालच्या शासकीय कागदात ‘सांगली जिल्हा’ शोधणे व्यर्थ, तेथे ‘दक्षिण सातारा’ हवे. आणि १९३० सालच्या कागदात ‘सांगली’ सापडली तरी ती आजची सांगली नव्हे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे येथे झाला. ते गाव जन्मकाळी सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. दोन ग्रंथांत दोन जिल्हे दिलेले पाहून त्यांतील एक चूक ठरवण्याचे कारण नाही.

या सर्व दोषांचा एकत्र प्रत्यय साताऱ्याच्या प्रतिसरकारविषयी शोध घेताना येतो. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात चाललेली ही समांतर राज्यव्यवस्था ‘प्रतिसरकार’, ‘प्रति सरकार’ आणि लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ अशा तीन नावांनी लिहिली गेली. ‘पत्री’ हा ‘प्रति’चा अपभ्रंश की पायांना पत्रे ठोकण्याच्या शिक्षेवरून पडलेले नाव, याविषयी लोकांत दोन्ही व्युत्पत्ती सांगितल्या जातात. शोधाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पहिले नाव मागणारास तिसऱ्या नावाचे साहित्य मिळत नाही, आणि बोलीतील आठवणी, पोवाडे, गावोगावच्या हकीकती पुष्कळशा तिसऱ्या नावानेच नोंदलेल्या असतात. निव्वळ ‘पत्री’ विचारले तर गणपतीच्या पूजेची पत्री पुढे येते. चळवळीचे प्रमुख केंद्र कुंडल. पण ‘कुंडल’ हा कानातील अलंकारही आहे. जिल्ह्याचे नाव जोडून तो निवारावा तर सांगली चालत नाही, आणि सातारा जोडले तरी अडचण राहते, कारण कुंडल त्या वेळी औंध संस्थानात होते. ‘औंध’ म्हणावे तर पुण्याजवळील औंध मध्ये येते. लगतच्या किर्लोस्करवाडी स्थानकाचे जुने नाव ‘कुंडल रोड’ होते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास रेल्वेच्या जुन्या कागदांची वाट सापडते. ज्यास ठाऊक नाही त्यास शोधयंत्र ते सांगणार नाही. येथे पृच्छेची तपासणी म्हणजे प्रत्यक्ष इतिहासाचा अभ्यासच होय, आणि तो झाल्यावाचून केलेली पृच्छा चळवळीचा इंग्रजी व प्रमाण मराठी भाग तेवढा दाखवून ग्रामीण भाग गाळते.

इंग्लंडात क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९५० व १९६० च्या दशकांत केलेल्या प्रयोगांपासून शोधाच्या दोन कसोट्या रूढ आहेत. मिळालेल्यांपैकी किती उपयुक्त, ही एक. उपयुक्तांपैकी किती मिळाले, ही दुसरी. पहिली कसोटी पडद्यावरील यादी पाहून लावता येते. दुसरी त्या यादीवरून कधीच लावता येत नाही, कारण जे सुटले ते यादीत नसतेच. ती अंशतः लावण्याचा एक जुना व खात्रीचा मार्ग आहे : संग्रहात निश्चितपणे असलेला एखादा लेख आधी हाताने शोधून ठेवावा, त्यातील लेखनरूपे पाहावीत, आणि सिद्ध केलेली पृच्छा तो लेख आणते की नाही हे प्रथम पाहावे. असे दोन-तीन लेख वेगवेगळ्या दशकांतले निवडले, उदाहरणार्थ एक १९६२ पूर्वीचा, एक नंतरचा व एक छायाप्रतीवरून यंत्राने वाचलेला, तर बहुतेक दोष पृच्छा खऱ्या कामास लावण्यापूर्वीच उघडे पडतात. सार्वजनिक शोधयंत्रे विरळ रूपाच्या जागी नेहमीचे रूप परस्पर घालतात, तेव्हा तेथे ही परीक्षा अवतरणचिन्हांत शब्द ठेवून घ्यावी.

प्रबंधात ‘आढळत नाही’ असे विधान करताना ज्या पृच्छेवर ते आधारलेले आहे ती पृच्छा तारीख, संग्रहाचे नाव व वापरलेली सर्व रूपे यांसह परिशिष्टात द्यावी, ‘ऱ’ कोणत्या संकेताने लिहिला तेही नमूद करावे, म्हणजे परीक्षकास ती पुन्हा चालवून पाहता येईल. नावे यापुढेही बदलणारच आहेत. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्यशासनाने २०२५ साली जाहीर केला. त्या गावाविषयी पुढील काळात शोध घेणारास दोन नावे, दोन्हींची ‘पूर’ आणि ‘पुरात’ ही रूपे, आणि जुन्या लेखनातील ऱ्हस्व ‘पुर’ एवढी सामग्री आरंभीच जमवून ठेवावी लागेल.